तनुजाच्या अंगात कोणीही आलेलं नाही

नांदेड, १२ फेब्रुवारी

साखराबाई,

नमस्काराचं नंतर बघू. आधी सांगा, माझी सून तुम्ही कोणत्या हक्कानं जीपमध्ये घालून नेलीत?

फोन तुम्ही घेत नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा मोबाइल तुमच्या भावाच्या, वैजनाथमामांच्या खिशात असतो, आणि माझं बोलणं रेणापूरच्या पारावर वाचून दाखवलेलं मला नको. मी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. नोकरीभर लोकांचे फोन जोडून दिले, आणि आता माझ्याच विहिणीशी बोलायला मला पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागतं. तुम्ही पोथी वाचता, तेव्हा हेही वाचाल.

रविवारी तुम्ही, मामा आणि गावातली तीन माणसं माझ्या दारात उतरलात. चहा ठेवला, तो कोणी घेतला नाही. मामा म्हणाले, "आमच्या पोरीत खोट काढायलात व्हय?"

मी म्हटलं, "कसली खोट?"

"मग डोक्याच्या डॉक्टरकडं कशाला नेली? अन् लग्नाआधी ठाव होतं का म्हणून आमच्या बहिणीला फोनवर कशाला इचारलं?"

तो प्रश्न माझा नव्हता. तनुजाला तपासणाऱ्या डॉक्टर अलीझा यांचा होता. त्यांना जाणून घ्यायचं होतं की ही मुलगी लहानपणापासून अशी आहे का. मोठ्या माणसाचा ऑटिझम ओळखायचा तर लहानपणचं सांगणारं कोणी लागतं, आणि आईपेक्षा जवळचं कोण? मी विचारलं, "लग्नाआधी तुम्हाला हे माहीत होतं का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई न्हाई, चांगली होती, समद्या पोरींत खेळायची," आणि फोन ठेवलात. आता तुमचा जावई, सुदर्शन, मला समजावतो की मुलाच्या आईनं मुलीच्या आईला हा प्रश्न विचारला की त्याचा अर्थ एकच होतो: फसवून लग्न लावलंत, मुलगी परत घ्या. असेल तसं. मला हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं की एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न लपवू नये. रेणापुरात लपवतात, हे मला कोणी शिकवलं नाही.

तुम्ही तनुजाला "चल" म्हणालात, ती उठली. तिला "चल" म्हटलं की चालायचं कळतं. त्यात "परत यायचं नाही" असं काही असेल तर ते तिला ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन करून विचारलं, "अहो आई, मामा सगळी भांडी का मोजून घेत होते?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मला मान्य आहे. ती तुमच्याकडेच येणार होती. पण रिवाजानं नेणं वेगळं आणि पंच आणून उचलणं वेगळं.

आता मुद्द्याचं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखलं तेव्हाचं तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. इथल्या एका दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "किती दुखतंय?" ती म्हणाली, "किती म्हणजे कशाच्या मानानं?" चेहऱ्यावर रेघ नाही, डोळ्यांत पाणी नाही. डॉक्टरनं गॅसची गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सून जरा लाडात आहे." दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशननंतर वॉर्डात डोक्यावर दिवे, यंत्राची पीं-पीं, एकाच वेळी चौघं बोलणारी. तिनं कान झाकले आणि डोलायला लागली, तर तिथल्या लोकांनी तिचे हात पट्टीनं पलंगाला बांधले. का, तर "पेशंट येडी हाय, सलाइन उपसंल". मी बाहेर औषधं घ्यायला गेले होते. परत आले आणि हात सोडले. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. इंग्रजीत बोलले, म्हणून त्यांना नीट लागलं.

माझं मागणं एकच आहे. लातूरच्या ज्या दवाखान्यात तिचं नाव घातलंय, तिथल्या डॉक्टरांना कळा सुरू व्हायच्या आधी सांगा की हिला ऑटिझम आहे, हिचं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही, आणि हिला न सांगता हात लावायचा नाही. पुन्हा तिचे हात बांधलेले मला बघायचे नाहीत, आणि या वेळी आत बाळ आहे. बाकी माझ्यावर रागवा, मला शिव्या द्या, सगळं चालेल.

तारामती

&nbsp;

नांदेड, ३ मार्च

साखराबाई,

पत्र मी तुम्हाला लिहिलं, उत्तर मामांकडून आलं. फोनवर.

"ईनबाई, तुमची मागणी काय हाय ती कागदावर द्या."

"मागणी? डॉक्टरांना सांगा, ही मागणी."

"म्हंजी दवाखान्यात नोंद करून घ्यायची, अन् मग तीच नोंद कोर्टात. आमी काय आज जल्मलो का?"

मी म्हटलं, "मामा, मला सून सोडायची नाही. सून ठेवायची आहे."

तर म्हणतात, "समदे आधी असंच म्हणत्यात."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला असता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, हा एक मोठा तोटा आहे.

मग सुदर्शननं लातूरच्या दवाखान्यात स्वतः फोन केला. विष्णुपुरीच्या धरणावर पाण्याचं नियोजन करणारा माणूस आहे, आवाज चढवत नाही. नवरा म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर आलं की पेशंटच्या मामांनी आम्हाला सगळं सांगून ठेवलंय, सासरचे लोक वेडाचा शिक्का मारायला टपलेत, त्यांचं काही ऐकू नका. झालं. आता आम्ही खरं सांगितलं तरी ती बदनामी, आणि तनुजा तपासणीला जाते तेव्हा बोलता तुम्ही. मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" म्हणाली, "आईनं सांगू नको म्हटलंय. आणि तिथे गेल्यावर पंखा, बेल, नाव पुकारणं, सगळं एकदम होतं. मग माझे शब्दच जातात." म्हणजे आता ते सांगू शकणारं माणूस या जगात एकच उरलं. हे पत्र तिलाच लिहिते आहे.

मामा एवढे का तापलेत, हे सुदर्शन तुमच्याकडे येऊन गेल्यावर कळलं. तुम्ही त्याला पोहे दिलेत, तनुजाशी अंगणात बसू दिलंत, त्याबद्दल आभार. मामांच्या मुलीचं, साक्षीचं, लग्न उदगीरला जमत आलंय, धान्याचे मोठे व्यापारी आहेत, आणि आत्याच्या मुलीला "डोक्याचं काही" आहे असं त्यांच्या कानावर गेलं तर ते सरकतील. हे मला समजतं. मान्य नाही, पण समजतं. फक्त साक्षीचं लग्न मोडलं तर दुसरं जमेल. तनुजाला काही झालं तर तसं म्हणता येईल का?

आणि "डोक्याचं काही" म्हणजे काय ते ऐका. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला तो माझ्यासमोर यावा. स्वतःत मग्न! जिला शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटची घरघर झोपू देत नाही, जिला भाजीतला बदललेला मसाला वासावरून कळतो, ती कसली स्वतःत मग्न? ती जगात इतकी मग्न आहे की जग तिला झेपत नाही. हा आजार नाही. मेंदूची घडणच जन्मापासून तशी. औषध नाही, लागतही नाही. लागतं ते एवढंच की बाकीच्यांनी जरा सावकाश, एकेकानं आणि सांगून वागावं.

अलीझा ही इथल्या सलीमभाईंची मुलगी, त्यांचं घड्याळांचं दुकान पिढ्यान् पिढ्या आहे. तिच्याआधी मी तनुजाला दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. तो म्हणाला, "लग्न झालंय, लॅबमध्ये नोकरी करते, ऑटिझम कसला? तो लहान मुलांना असतो." मी विचारलं, "मग ती मुलं मोठी होऊन जातात कुठे?" त्याला राग आला. अलीझाला नाही आला. तिनं खोलीतला पंखा बंद केला आणि तनुजाला विचारलं, "आता बरं आहे का?" बस. सहा वर्षांत तनुजा माझ्याशी बोलली नव्हती एवढं तिच्याशी बोलली. निदान सांगितल्यावर घरी येऊन मला म्हणाली, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते." लहानपणापासून ती स्वतःला हट्टी समजत होती, साखराबाई.

तुम्हाला वाटतं शिक्का बसला. तिला वाटलं शिक्का पुसला.

तारामती

&nbsp;

नांदेड, १८ मार्च

साखराबाई,

परवा तुमच्या अंगणात जे झालं ते तुम्ही आणि मी एकाच मांडवात उभं राहून पाहिलं, पण वेगवेगळं पाहिलं. मी काय पाहिलं ते लिहिते.

डोहाळजेवणाला हिरवी साडी सासरचीच लागते, म्हणून मला बोलावणं आलं. मी सुती नेली, धुऊन धुऊन मऊ केलेली. तुमच्याकडची एक बाई पदर चिमटीत धरून म्हणाली, "जुनीच आणली की!" मी ऐकून घेतलं. तनुजानं साडी गालाला लावून पाहिली आणि म्हणाली, "ही चालेल." तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

मग तुम्ही गावाला दाखवायला निघालात की आमच्या पोरीत खोट नाही. स्पीकर लावला. डोक्यापासून मनगटापर्यंत फुलांचे दागिने, दोऱ्याच्या गाठी कपाळाला काचताहेत, अख्खी आळी ओटी भरायला वाकते आहे, जी ती गालावरून हात फिरवते आहे. मी तिच्या पायांकडे बघत होते. तिची बोटं आत वळली. मी तुम्हाला खूण केली. तुम्ही पाहिलीत आणि मान फिरवलीत.

तिनं फुलं ओरबाडली. केस सुटले. डोळे मिटून ती पुढंमागं डोलू लागली आणि घशातून एकच सूर काढू लागली. हे मी आधीही पाहिलंय. बाहेरचे सगळे आवाज बुडवायला ती आपला एक आवाज काढते. तिनंच मला सांगितलंय.

आणि कोणीतरी ओरडलं, "अगं बया, माय आली! रेणुकामाय आली पोरीच्या अंगात!"

स्पीकर बंद झाला, तेवढं एक चांगलं झालं. मग कपाळभर कुंकू, लिंबू, पायांवर डोकी. जिला मानेवर केस टेकलेले सोसत नाहीत तिच्या पायांवर बायका कपाळ घासत होत्या. एकीनं पाय धरून विचारलं, "माय, माझ्या पोराचं कवा जमंल?"

तनुजा म्हणाली, "मला माहीत नाही."

"माय, कोपलीस का?"

"हात काढा."

ती बाई हात काढून रडायला लागली. दुसरी म्हणाली, "माय, तुला काय पायजे ते तर सांग!"

"सगळ्यांनी बाहेर जा."

आणि सगळ्या गेल्या! हात जोडून, उलट्या पावलांनी, अख्खी आळी अंगणाबाहेर. मी सहा वर्षं लग्नांत, बारशांत, दवाखान्यांत लोकांना हेच सांगत आले आहे की बाबांनो, पाच मिनिटं बाहेर थांबा, तिला बरं वाटेल. कधी कोणी जागचं हललं नाही. सुनेसाठी सासूनं सांगितलं तर नाही, देवीनं सांगितलं तर लगेच.

मला रेणुकामातेशी काही भांडण करायचं नाही. माहूरचा गड मीही चढले आहे. ज्यांच्या अंगात येतं त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही. मी फक्त तनुजाबद्दल बोलते आहे, आणि तनुजाच्या अंगात कोणीही आलेलं नाही.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. मी तुमचा चेहरा पाहिला. तुम्ही घाबरला नव्हतात. तुमची सुटका झाल्यासारखी दिसत होती. "तुमची पोरगी अशी कशी?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे इतकी वर्षं नव्हतं, ते गावानंच ताटात घालून आणून दिलं. मामांनी तर जेवणाच्या पंगतीतच उदगीरला फोन लावला, "आमच्या घराण्यात देवीचं वास्तव्य हाय" म्हणून. डॉक्टरनं सांगितलं तर खोट, आणि आळीनं सांगितलं तर मान.

मी निघताना तुम्ही माझी ओटी भरलीत, पण डोळ्याला डोळा दिला नाहीत. तनुजा खोलीत पांघरुणाखाली होती. मी दारातूनच सांगितलं, "मी निघते." ती म्हणाली, "कुंकू डोळ्यात गेलंय." तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन पळालात, तेव्हा मला वाटलं, ही बाई अजून आपल्याच बाजूची आहे.

तारामती

&nbsp;

नांदेड, ९ एप्रिल

साखराबाई,

आज भांडायला लिहीत नाही. तनुजा फोनवर जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते.

"अहो आई, मंगळवारी आणि शुक्रवारी बायका येतात. आई म्हणते, थोडा वेळ बस, त्यांना बरं वाटतं. मी त्यांना सांगितलं की मला देवी येत नाही, मला ऑटिझम आहे. तर एकीनं विचारलं, ही कुठल्या गावची देवी?"

मला हसू आलं. ती म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे? मी खरं सांगितलं होतं." मग म्हणाली, "बाळंतपणात मला सहन झालं नाही आणि मी डोलायला लागले, तर तेही देवीच समजतील का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

ती म्हणाली, "बरं. म्हणजे मला भीती वाटते ती बरोबर आहे."

साखराबाई, देवीला हात जोडतात, नारळ फोडतात, नवस बोलतात. तिला दुखतंय का, हे कोणी विचारत नाही. बाळंतिणीला ते विचारावं लागतं. वेडीचे हात बांधतात आणि देवीचे पाय धरतात, पण दोघींचंही ऐकून कोणी घेत नाही. मला मधलं हवंय. साधी तेहतीस वर्षांची बाई, जिला पहिलटकरणीसारखं विचारतील, हात लावू का, आता दिवा लावू का, कळ आली का.

दवाखान्यात काय सांगायचं ते मी तुम्हाला शिकवणार नाही. तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तनुजानंच मला सांगितलंय की तुम्ही तिच्या फ्रॉकांना आतून जुन्या धोतराचं अस्तर लावायचात. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी अंगणात येऊन "तनू, आता वाजंल गं" म्हणून ओरडायचात. पाहुणे आले की तिला मागच्या दारानं मळ्यात, तिच्या वडिलांकडे, दगडोबांकडे पाठवायचात, आणि विचारणाऱ्याला "अभ्यासाला गेली" म्हणायचात. ज्या आईला काही ठाऊक नसतं, ती शिट्टीच्या आधी ओरडत नाही.

तुम्ही तिला झाकून वाढवलंत. त्या काळी, त्या गावात, दगडोबा गेल्यावर भावाच्या आधारानं राहणाऱ्या बाईला दुसरं काय करता आलं असतं, मला माहीत नाही. मी तुमच्या जागी असते तर अख्ख्या गावाशी भांडले असते आणि मुलगी तशीच बिनलग्नाची राहिली असती. तेव्हा माझं ऐकू नका. पण आता झाकण्याची वेळ गेली. दवाखान्यात झाकलेलं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर ते उपचार करत नाहीत.

मी येणार नाही. तिथे येऊन एक शब्दही बोलणार नाही. मी बोलले की ती सासरची चाल होते. तुम्ही बोललात तर ते आईचं बोलणं असेल. मामा रागावतील. उदगीर जाईल. हे सगळं खरं आहे, आणि तरीही मी तुम्हाला हेच मागते आहे.

तारामती

&nbsp;

नांदेड, ८ मे

साखराबाई,

काल तुम्ही फोनवर सांगितलंत ते मी सुदर्शनला सांगितलं, अलीझाला सांगितलं, आणि आता लिहूनही ठेवते, तुमच्याच शब्दांत. नात मोठी झाली की तिला वाचायला देईन.

तुम्ही म्हणालात, "सकाळी पोरगी उठली अन् गप बसली. दशम्या केल्या व्हत्या, खाल्ल्या न्हाईत. पायाची बोटं आत वळलेली. मला कळलं. वैजनाथदादाला म्हणलं, गाडी काढ. दवाखान्यात ती नर्स बाई आली, वरून बघितलं अन् म्हणती, मावशी, हिला अजून कळाच न्हाईत, बगा की किती शांत हाय. घरला न्या, उद्या या. दादानं लगी गाडीची चावी काढली. संगं ती शेजारची आली व्हती अंगारा घेऊन, ती म्हणायली, माय सांभाळती आपली लेकरं, चला. मग म्या दारात आडवी बसले, ईनबाई."

मी विचारलं, "दारात?"

"उंबऱ्यावर. म्हणलं, बाई, शांत हाय म्हणूनच सांगायले. माझी लेक दुखलं की गप होती. जल्मापासून अशी हाय. तिच्या अंगात देवी न्हाई येत, तिला गलका सोसत न्हाई, ऑटिझम म्हणत्यात त्याला. डॉक्टरला बोलवा, तवर म्या उठणार न्हाई. दादा म्हणला, साखरा, तोंड आवर, लोकं ऐकायलेत. म्या म्हणलं, ऐकू दे. आवरून आवरूनच पोरगी इथवर आली. मला पहिल्यापासून ठाव होतं. लगीन मोडंल म्हणून बोलले न्हाई. आता मरंल म्हणून बोलायले."

मग डॉक्टर आल्या. त्यांनी विचारून हात लावला आणि तपासल्यावर त्यांचाच चेहरा बदलला. तुम्ही रेणापूरच्या रस्त्याला लागला असतात तर बाळ गाडीतच झालं असतं, आणि नाळ गळ्याभोवती होती. पुढचं सगळं तुम्ही केलंत. डोक्यावरचा मोठा दिवा बंद करायला लावलात. एकच नर्स बोलेल, बाकीच्या गप, असं ठरवून घेतलंत. प्रत्येक गोष्टीच्या आधी तिच्या कानाशी "तनू, आता सुई", "तनू, आता पोटावर हात" म्हणत राहिलात. ती डोलत होती, सूर काढत होती. डॉक्टर म्हणाल्या, "काढू दे, तिला बरं वाटतंय ना?" तिचे हात मोकळे होते. मी एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते आणि तुम्ही "व्हय, मोकळे होते, मोकळे होते" म्हणत रडत होतात.

लग्नाआधी माहीत होतं का, हा जुना प्रश्न मी मागे घेत नाही. तो बरोबर होता. विचारणारी चुकीच्या नात्यात उभी होती, एवढं लिहून देते. इतकं मी आजवर कोणाला लिहून दिलेलं नाही, तेव्हा जपून ठेवा.

तनुजाशीही बोलले. बाळाच्या रडण्याचा तिला त्रास होईल अशी मला धास्ती होती. तिनं कानात कापूस घातलाय, पण म्हणाली, "ती रडते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं, मग मी ते शोधते. माणसं हसतात तेव्हा त्यांना काय हवं असतं, ते मला कळत नाही." नावाचं विचारलं तर म्हणाली, अजून ओळख झालेली नाही, घाई करू नका. बारशाला कोणाला बोलवायचं तेही तीच ठरवणार आहे, आणि स्पीकर नसणार आहे.

आता तुमचं. फोन ठेवताना तुम्ही हळूच म्हणालात, "दादा बाळाचं तोंड न बघता गेला. पोरीला माहेर दिलं ईनबाई, माझं गेलं." त्याचं उत्तर खाली लिहिते. उदगीरकडून अजून निरोप नाही असं कळतं. साक्षी मात्र कॉलेजातून परस्पर दवाखान्यात येऊन बाळ बघून गेली आणि "मला तसंही उदगीर नको होतं" म्हणाली, हे तनुजानं सांगितलं. मामांना एवढ्यात सांगू नका. पोरीला जरा मजा घेऊ द्या. मामाही कधीतरी येतील. नाही आले तर त्यांचं नुकसान, नातीचं नाक तुमच्यावर गेलंय म्हणतात.

पण तोवर बाळंतिणीचं न्हाणं, शेक, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं, हे सगळं एकटीनं तुम्हाला व्हायचं नाही. तुमचे गुडघे मी डोहाळजेवणात पाहिलेत. म्हणून मी येते आहे. पाहुणी म्हणून नाही, राहायला. बाळंतीण उठेपर्यंत. सुदर्शन म्हणाला, "आई, सासू कधी सुनेच्या माहेरी बाळंतपणाला जाऊन राहते का?" मी म्हटलं, "लिहून घे, आता जाते." रेणापूर बोलेल. बोलू दे. मी ऐकत बसेन आणि अधूनमधून उत्तरंही देईन. तुम्ही मध्ये पडू नका, माझाही वेळ जायला हवा.

सोमवारी दुपारच्या गाडीनं निघते. तनुजाला आजच सांगून ठेवा की मी येणार आहे, कुठल्या खोलीत झोपणार आहे आणि सकाळी तिच्याआधी उठणार नाही. आणि हेही सांगा, की आल्या आल्या मी बाळाला घ्यायला हात पुढे करणार नाही. दारात थांबेन.

तिनं दिलं, तर घेईन.

तुमची ईनबाई,
तारामती